आर्ट लाइन १४८, कफ ११८: खरा आकडा कोणता? आयसीयूतली बीपीची यंत्रणा तपासायची कशी

परळचा_बायोमेड (धागाकर्ता)

मंडळी, हा प्रश्न सारखा समोर येतो म्हणून वेगळा धागा काढतोय. दाबाचे सगळे आकडे मिमी पाऱ्याचे समजा.

पेशंटच्या उजव्या मनगटात आर्ट लाइन (धमनीत बसवलेली, रक्तदाब सतत दाखवणारी नळी), डाव्या दंडावर बीपीचा फुगणारा कफ. नाडी ११०. आर्ट लाइन दाखवते १४८/६२, मीन (सरासरी दाब) ८८. कफ दाखवतो ११८/७२, मीन ८६. सिस्टर विचारतात, चार्टवर कुठला लिहू? रक्तदाब वाढवायच्या औषधाचा पंप याच आकड्यावर कमीजास्त होणार असतो, तेव्हा "दोन्ही लिहा" हे काही उत्तर नाही.

मॉनिटरवर कॅलिब्रेशनचा स्टिकर आहे, मुदत शिल्लक आहे. आयबीपीच्या (आर्ट लाइनच्या दाबाच्या) चॅनेलला सिम्युलेटर (ठरलेल्या दाबाचा नकली सिग्नल देणारं तपासणीचं यंत्र) लावला तर १०० ला १०० आणि २०० ला २०१. म्हणजे यंत्र पास. मग चूक शोधायची कुठे? बेडजवळ काय तपासायचं, वर्कशॉपमध्ये काय, सिस्टरांनी काय आणि बायोमेडने (वैद्यकीय उपकरणं सांभाळणाऱ्याने) काय, असा क्रम हवा आहे.

भूलशास्त्री_दादर

आधी मीन बघा. ८८ आणि ८६. मीन जवळपास एकच, पण आर्ट लाइनचा सिस्टोलिक ३० ने वर आणि डायस्टोलिक १० ने खाली. ही अंडरडॅम्पिंगची (नळीतली थरथर पुरेशी न शमल्याने लाट फुगण्याची) खूण आहे. मनगटातला सिस्टोलिक दंडापेक्षा थोडा जास्त असतोच, पण ३० चा फरक एवढ्यावर भागत नाही.

चूक कोणत्या जातीची आहे हे आकड्यांवरूनच बरंचसं कळतं. झिरो किंवा लेव्हल बिघडलं असेल तर सिस्टोलिक, डायस्टोलिक, मीन तिन्ही एकाच दिशेला आणि सारखेच सरकतात. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) बिघडला असेल तर आकडा जितका मोठा तितकी चूक मोठी. आणि सिस्टोलिक-डायस्टोलिक एकमेकांपासून लांब गेले किंवा जवळ आले, मीन मात्र जागेवर राहिला, तर दोष कॅन्युलापासून (धमनीतली बारीक नळी) ट्रान्सड्यूसरपर्यंतच्या (दाबाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) पाण्याने भरलेल्या नळीत आहे.

तुमचा सिम्युलेटर खोटं बोलत नाहीये. तो ट्रान्सड्यूसरच्या जागी बसतो आणि त्याच्याच भाषेत मॉनिटरला सिग्नल देतो: दर मिमीला, दर व्होल्ट एक्सायटेशनला (मॉनिटर ट्रान्सड्यूसरला पुरवतो ती वीज) ५ मायक्रोव्होल्ट. एक्सायटेशन ५ व्होल्ट असेल तर १०० मिमीला अडीच मिलिव्होल्ट. मॉनिटरने त्याचे १०० वाचले, म्हणजे मॉनिटर बरोबर. नळी, बुडबुडा, कॅन्युला, खुद्द ट्रान्सड्यूसर यांतलं काहीच त्या चाचणीत येत नाही.

त्यासाठी फास्ट फ्लश करायचा, म्हणजे नळीत सलाइनचा जोराचा झोत सोडून एकदम बंद करायचा. ट्रेस २५ मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने छापायला लावा. फ्लशचा वॉल्व्ह सेकंदभर ओढून धरा आणि झटक्यात सोडा. ट्रेस वर जाऊन सपाट होतो, सोडल्यावर सरळ खाली पडतो, बेसलाइनच्या खाली जातो आणि हेलकावे खात स्थिर होतो. एक-दोन हेलकावे खाऊन नेहमीची लाट सुरू झाली तर ठीक. एकही हेलकावा न घेता घसरगुंडीसारखा हळू खाली आला तर ओव्हरडॅम्प्ड (थरथर गरजेपेक्षा जास्त शमते). तीन-चार हेलकावे आले तर अंडरडॅम्प्ड. वॉल्व्ह हळूहळू सोडला तर चाचणी वाया गेली, कारण चांगली लाइनसुद्धा मग ओव्हरडॅम्प्ड दिसते. निदान तीन वेळा करा.

नुसत्या नजरेवर न थांबता पट्टीवर मोजा. लागोपाठच्या दोन माथ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि २५ ला त्याने भागा. अंतर २.५ आलं तर नैसर्गिक फ्रीक्वेन्सी (भरलेली नळी स्वतःहून ज्या वेगाने थरथरते तो) १० हर्ट्झ, १.५ आलं तर साधारण १७. मग पहिला झोका तळापासून माथ्यापर्यंत मोजा, त्याला लागून असलेला पुढचा माथ्यापासून तळापर्यंत. दुसऱ्याला पहिल्याने भागा. भागाकार ०.१ आला तर डॅम्पिंग कोइफिशंट (थरथर किती लवकर शमते त्याचं माप) ०.५९, ०.२ ला ०.४६, ०.३ ला ०.३६, ०.५ ला ०.२२ आणि ०.७ ला ०.११. एवढी पाच उत्तरं कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा, बेडजवळ गणित करायची गरज पडत नाही.

रीड गार्डनर यांनी १९८१ मध्ये हे दोन आकडे एका आलेखावर एकत्र मांडले. त्याचा अर्थ असा: फ्रीक्वेन्सी जितकी जास्त, तितका डॅम्पिंगचा चालण्याजोगा पट्टा रुंद. फ्रीक्वेन्सी उतरत गेली की पट्टा अरुंद होत जातो, आणि साधारण सात हर्ट्झच्या खाली डॅम्पिंग काहीही असलं तरी सिस्टोलिकवर विसंबता येत नाही. नाडी १२० म्हणजे २ हर्ट्झ. लाट तिच्या आकारात दिसायला त्याच्या सहा ते दहा पट हार्मोनिक्स (लाट घडवणाऱ्या जास्त वेगाच्या लहरी) लागतात, म्हणजे १२ ते २० हर्ट्झ. म्हणून नाडी ७० असताना नीट चाललेली लाइन नाडी १३० झाल्यावर सिस्टोलिक फुगवते. नळी तीच, पेशंट तोच.

सिस्टर_शीव

डॉक्टरांनी फ्लश सांगितलं ते बरोबरच, पण त्याआधी अर्ध्या मिनिटाचं नुसतं डोळ्यांचं काम आहे. ते केलं की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सलाइनभोवतीच्या प्रेशर बॅगच्या काट्यापासून सुरुवात करा. ३०० पाहिजे. ३०० ला फ्लश उपकरणातून ताशी सुमारे ३ मिली सलाइन जातं. बॅग हळूहळू उतरते, म्हणून दर शिफ्टला हात लावून बघायची. दाब कमी पडला की रक्त नळीत मागे येतं, कॅन्युलाच्या टोकाशी गुठळी धरते आणि लाट चपटी होते.

बाटलीकडे लक्ष द्या. आपल्याकडे सलाइन बऱ्याचदा अर्धवट कडक प्लास्टिकच्या बाटलीत येतं. ती प्रेशर बॅगमध्ये नीट चेपत नाही. काटा ३०० दाखवतो, पण त्यातला बराच जोर बाटलीची भिंतच खाते, आत तेवढा दाब नसतो. त्यात व्हेंटसाठी सुई खोचलेली असेल तर हवा तिथून सुटते. आर्ट लाइनला चेपणारी मऊ पिशवीच घ्या, आणि लावण्याआधी तिच्यातली सगळी हवा काढून टाका.

प्राइमिंग (नळी सलाइनने भरणं) गुरुत्वाकर्षणाने करा, बॅग न फुगवता. नळी पूर्ण भरल्यावर, प्रत्येक थ्री-वेची (तीन तोंडांची झडप) प्रत्येक तोटी वळवून भरल्यावर, मगच बॅग फुगवा. आधी दाब दिला की सलाइन जोरात धावतं आणि थ्री-वेच्या कोपऱ्यात बारीक बुडबुडे मागे राहतात. टॉर्च मागून धरला की मोहरीएवढा बुडबुडासुद्धा चमकतो. बोटाने टिचक्या मारत त्याला वरच्या तोटीकडे आणा आणि बाहेर काढा, पेशंटच्या दिशेने कधीही ढकलू नका. व्हेंटची भोकं असलेली टोपणं झिरो झाल्यावर बदलून बंद टोपणं लावा. ते राहिलं तर तिथून थेंब थेंब गळतं.

मनगट वाकलेलं आहे का? पट्टी कॅन्युलावर घट्ट बसली आहे का? हात नीट ठेवल्यावर लाट सुधारली तर दुसरीकडे शोधू नका.

नवशिका_वडाळा

झिरो आणि लेव्हल हे एकच ना? आम्हाला शिकवताना "ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला आणून झिरो करा" असं एका दमात सांगतात.

भूलशास्त्री_दादर

दोन वेगळी कामं आहेत. एका वाक्यात सांगितल्यामुळेच घोळ होतो.

झिरो म्हणजे "हवेच्या दाबाला शून्य म्हण" असं मॉनिटरला सांगणं. थ्री-वे पेशंटच्या बाजूने बंद करा, टोपण काढून हवेला उघडा, रेषा सपाट व्हायची वाट बघा, झिरो दाबा, शून्य आलं की टोपण लावा आणि मग पेशंटची बाजू उघडा. हा शून्य मॉनिटरच्या मॉड्यूलमध्ये साठतो. म्हणून ऑपरेशन थिएटरमधून आयसीयूत आणल्यावर, मॉड्यूल किंवा केबल बदलल्यावर पुन्हा झिरो करावं लागतं.

लेव्हल म्हणजे ती तोटी कुठल्या उंचीला आहे. चौथी बरगडीमधली जागा आणि छातीच्या बाजूची मधली रेषा जिथे छेदतात तिथे पेनाने फुली मारा. तोटी त्या फुलीच्या समोर आली पाहिजे. आणि कुठली तोटी? जी हवेला उघडून झिरो केलं ती. ट्रान्सड्यूसर तिच्यापेक्षा खाली लटकला तरी चालतो, कारण मधला पाण्याचा स्तंभ झिरो करतानाच वजा झालेला असतो. पण झिरो एका तोटीवर आणि फुलीसमोर दुसरीच तोटी असं झालं तर दोन्हींच्या उंचीतला फरक सरळ आकड्यात उतरतो.

१३.६ सेंमी पाणी म्हणजे १० मिमी पारा. बेड १० सेंमी वर गेला आणि ट्रान्सड्यूसर ड्रिप स्टँडला तसाच बांधलेला राहिला, तर आकडा ७ ने खोटा वाढतो. मीन ६५ राखायचा असेल आणि खरा ५८ असेल तर ही चूक लहान म्हणता येणार नाही. ट्रान्सड्यूसर वर राहिला तर उलट, आकडा खोटा कमी येतो आणि औषध विनाकारण वाढतं. म्हणून बेडची उंची किंवा डोक्याकडचा भाग हलवला की लेव्हल पुन्हा बघायची, झिरो पुन्हा करायची गरज नसते. ड्रिप स्टँडवर नुसत्या अंदाजाने ठेवू नका. सुतारी लेव्हल किंवा लेझर वापरा, डोळ्याला तिरकी उंची कळत नाही.

कांदिवली_आयसीयू

धाग्यातल्या केससाठी सोपा उपाय: सिरिंजने नळीत छोटासा बुडबुडा सोडायचा. उड्या मारणारी लाट लगेच शांत होते. बऱ्याच ठिकाणी करतात.

भूलशास्त्री_दादर

कृपा करून हे करू नका, कुणाला शिकवूही नका. बुडबुड्याने डॅम्पिंग वाढतं हे खरं, पण त्याच वेळी नैसर्गिक फ्रीक्वेन्सी खाली येते, कारण हवा चेपते. लाट दिसायला गुळगुळीत होते आणि आकडा आणखी भलतीकडे जातो. अगदी बारीक बुडबुडा तर उलट रेझोनन्स (नळीची स्वतःची थरथर) वाढवू शकतो, सिस्टोलिक अजून फुगतो. शिवाय जोरात फ्लश केला तर ती हवा रेडियलमधून (मनगटातल्या धमनीतून) उलट मेंदूच्या दिशेने जायचा धोका आहे.

अंडरडॅम्पिंग घालवायचं ते लाइन साधी करून. कॅन्युलापासून ट्रान्सड्यूसरपर्यंत नळी १२० सेंमीच्या आत, कडक प्रेशर ट्यूबिंगच. साधं आयव्ही एक्स्टेन्शन जोडलेलं असेल तर काढा. सॅम्पल घ्यायला एक थ्री-वे पुरतो, तीन लागत नाहीत. बुडबुडे काढा, फ्लश करा, पुन्हा फास्ट फ्लशची चौकोनी लाट छापा. एवढ्यानेही भागलं नाही तर डॅम्पिंग जुळवायचं तयार उपकरण मिळतं, ते लाइनमध्ये बसवता येतं. तोपर्यंत मीनवर काम करा.

परळचा_बायोमेड

पटलं. नैसर्गिक फ्रीक्वेन्सी १० हर्ट्झ आणि भागाकार ०.७ धरला तर डॅम्पिंग ०.११ येतं, नाडी ११० ला हे चालणार नाही. म्हणजे मीन धरून चालायचं आणि लाइन दुरुस्त करायची.

आता दुसरा भाग. ट्रान्सड्यूसरची स्टॅटिक (स्थिर दाबावरची) तपासणी कशी करता? पाऱ्याचे मॅनोमीटर हळूहळू हद्दपार होत आहेत, २०१८ मध्ये भारताने पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार मान्य केल्यापासून नवे घेणं थांबलंच.

कॅलिब्रेशनवाला_ठाणे

पारा नको. चांगला डिजिटल प्रेशर मीटर घ्या, पण त्याची अचूकता तपासायच्या मर्यादेच्या किमान तिप्पट चांगली हवी. ±३ ची मर्यादा तपासायची तर मीटर ±१ च्या आत. मीटरचं स्वतःचं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅबचं सर्टिफिकेट चालू असलं पाहिजे, आणि त्यात अनिश्चिततेचा रकाना वाचा, नुसता शिक्का बघू नका.

पहिली गोष्ट सुरक्षेची. ही चाचणी हवेने होते. पेशंटला जोडलेल्या लाइनवर कधीही करायची नाही. थ्री-वे बंद आहे म्हणून चालेल असंही नाही, लाइन पेशंटपासून पूर्ण सुटी हवी. आणि मीटरची नळी निर्जंतुक नसते, म्हणून जो सेट पेशंटला लागणार आहे त्यावरही नाही. तपासणीसाठी एक सेट वेगळा ठेवा, किंवा ९६ तासांनी बदलून काढलेला सेट घ्या. पण मॉनिटरकडची केबल त्या बेडचीच हवी, हे विसरू नका.

जोडणी अशी: ट्रान्सड्यूसरच्या तोटीला टी-जोड, एका फाट्यावर मीटर, दुसऱ्यावर २० मिलीची लुअर-लॉक सिरिंज. फ्लशची बाजू बंद. हवेला उघडून झिरो करा. मग सिरिंजने ५०, १००, १५०, २००, २५० असं चढत जा, प्रत्येक ठिकाणी १०-१५ सेकंद थांबा. दाबल्यावर हवा किंचित तापते आणि निवताना दाब थोडा उतरतो, घाईत वाचलं की गळती असल्यासारखं वाटतं. तेच टप्पे उतरताना घ्या. चढताना आणि उतरतानाच्या आकड्यांत २ पेक्षा जास्त फरक दिसला तर आधी जोड घट्ट आहेत का बघा, मग ट्रान्सड्यूसरवर संशय घ्या. शेवटी परत हवेला उघडा, शून्य शून्यावरच यायला हवा.

मर्यादा: खुद्द ट्रान्सड्यूसरला ५० पर्यंत १ मिमी अधिक वाचनाचा १ टक्का, आणि ५० ते ३०० मध्ये वाचनाचे ३ टक्के. मॉनिटर-ट्रान्सड्यूसर मिळून पूर्ण साखळीला ४ मिमी किंवा ४ टक्के, जे जास्त असेल ते. आम्ही १०० ला ९८ ते १०२ च्या बाहेर गेलं की केबल बदलून पुन्हा घेतो. ती मर्यादा आमची, नियमाची नाही.

ज्या सेटवर पेशंट जाणार आहे त्याला निर्जंतुक तपासणी हवी असेल तर पाण्याचा स्तंभ आहेच. सलाइनने भरलेली लाइन, झिरो झालेली, तोटीला टोपण, पेशंटचं टोक अजून कुठेही जोडलेलं नाही. टोक तोटीपेक्षा नेमकं २७.२ सेंमी उंच धरा, स्क्रीनवर २० यायला हवेत. ६८ सेंमीला ५०, ८१.६ ला ६०. उंची सरळ उभी मोजा, स्टीलच्या टेपने. दोन मिनिटांत होतं आणि ट्रान्सड्यूसर, केबल, मॉड्यूल तिन्ही एकदम तपासले जातात.

आता तुमच्या २०१ च्या रिपोर्टबद्दल. सिम्युलेटर कुठल्या केबलने लावला होता? तपासायला येणारा बहुतेकदा स्वतःच्या बॅगेतली अडॅप्टर केबल लावतो, आणि बेडची रोजची केबल हुकला लटकलेली राहते. रिपोर्ट पास होतो, दोष केबलमध्ये तसाच राहतो.

खारा_वारा

केबलचा मुद्दा निघालाच आहे तर मुंबईसाठी हे लिहायलाच हवं. आयबीपी केबलचा ट्रान्सड्यूसरकडचा कनेक्टर उघडा आणि पिना भिंगाखाली बघा. सोन्याच्या मुलाम्याखालचं तांबं जिथे उघडं पडतं तिथे हिरवट-निळसर पापुद्रा धरतो. फ्लश करताना सांडलेलं सलाइन, वाकवताना कनेक्टरमध्ये गेलेला थेंब, त्यावर पावसाळ्यातली आर्द्रता. मीठ आणि ओल मिळून पिनांमध्ये बारीक गळतीचा मार्ग तयार होतो. सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असल्याने तेवढा पुरतो. लक्षण ठरलेलं: सकाळी झिरो केलं, दुपारी हवेला उघडलं तर शून्याऐवजी ६, मग ९. झिरो होतं पण टिकत नाही.

तपासायचं कसं: तोटी हवेला उघडून झिरो करा आणि उघडीच ठेवून केबल कनेक्टरजवळ हलकेच हलवा. आकडा १ च्या वर नाचायला लागला तर केबल बाद. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. पापुद्रा परत आला तर घासत बसू नका, केबल बदला.

आणखी एक. ट्रान्सड्यूसरची मागची बाजू हवेला उघडी असते, काहींत ती वाट कनेक्टरमधूनच जाते. ती ओली झाली की झिरो तरंगतो. वातानुकूलित आयसीयूतून मॉड्यूल स्टोअरमध्ये आणि स्टोअरमधून परत आत असा प्रवास पावसाळ्यात झाला की गार झालेल्या पृष्ठभागावर दव धरतं. स्टोअरमध्ये झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

सिस्टर_शीव

कफकडे सगळे दुर्लक्ष करतात म्हणून विचारते. "कफ बरोबर, लाइन चूक" असं आधीच का धरायचं?

कॅलिब्रेशनवाला_ठाणे

धरायचं नाहीच, सिस्टर. कफचं मशीन सिस्टोलिक मोजतच नाही. कफ उतरताना त्यातली थरथर सगळ्यात मोठी जिथे होते तो दाब म्हणजे मीन, एवढंच ते थेट पकडतं. सिस्टोलिक आणि डायस्टोलिक ते कंपनीच्या सूत्राने काढतं, आणि प्रत्येक कंपनीचं सूत्र निराळं.

म्हणून तपासणीचे दोन भाग पडतात. दाबाच्या भागासाठी मॉनिटर सर्व्हिस मेनूतून मॅनोमीटर मोडमध्ये घ्या. कफच्या जागी ५०० मिलीचं कडक धातूचं भांडं, टी-जोडाने मीटर आणि हातपंप. ०, ५०, १००, १५०, २००, २५०. मर्यादा ±३ मिमी किंवा २ टक्के, जे जास्त असेल ते. गळतीसाठी २५० पर्यंत फुगवा, मिनिटभर निवू द्या, पुढच्या मिनिटात ६ पेक्षा जास्त उतरता कामा नये. उतरलं तर आधी नळीच्या टोकाची ओ-रिंग बघा. भांड्याऐवजी कापडी कफ गुंडाळून गळती मोजू नका, कापड ताणतं आणि खोटी गळती दिसते. अतिदाबाची कट-ऑफ मोठ्यांना ३००, नवजाताला १५०. ही चाचणी एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) मॉनिटरवर नवजात मोडमध्ये, १५० च्या आतल्या दाबांवर, १०० मिलीच्या भांड्यावर करायची. मोठ्यांच्या मोडमध्ये पास झालेला मॉनिटर तिथे पास धरू नका.

दुसरा भाग सिम्युलेटरचा. त्याने १२०/८० दिलं आणि मॉनिटरने १२५/७६ वाचलं म्हणून मॉनिटर नापास होत नाही. सिम्युलेटरची थरथर एका नमुन्याची, मॉनिटरचं सूत्र दुसऱ्याचं. मॉनिटर नवा असताना त्याच सिम्युलेटरवर पाच वेळा घेतलेले आकडे लिहून ठेवा आणि पुढे त्यांच्याशी तुलना करा. पाच वाचनं आपसात २-३ च्या आत हवीत. ती पसरली तर पंप, वॉल्व्ह किंवा फिल्टरमध्ये दोष आहे.

आणि कफचं माप. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के, लांबी ८० टक्के. दंडाचा घेर २७ ते ३४ सेंमी असेल तर १६×३० चा, ३५ ते ४४ ला १६×३६ चा. लहान कफ मोठ्या दंडावर लावला की आकडा खोटा वाढतो, आणि हे कुठल्याही कॅलिब्रेशनमध्ये दिसत नाही.

भूलशास्त्री_दादर

सिस्टरांच्या प्रश्नाला जोडून: दाब खूप कमी असलेल्या पेशंटमध्ये कफ सहसा लाइनपेक्षा जास्त दाखवतो, दाब खूप वाढलेल्यात कमी. नाडी अनियमित असेल, उदाहरणार्थ एट्रियल फिब्रिलेशन, तर एका वाचनावर जाऊ नका, तीन घ्या.

मीन दोन्हींत जुळत नसतील आणि निवाडा करायचा असेल तर त्याच हाताचा उपयोग करा. आर्ट लाइन असलेल्या हाताच्या दंडावर हातपंपाचा कफ बांधा, काटा तपासलेला हवा. लाट सपाट होईपर्यंत फुगवा आणि आणखी २० वर न्या. मग सेकंदाला २-३ मिमी या गतीने सोडत मॉनिटरवर डोळा ठेवा. सपाट रेषेवर पहिला बारीक उंचवटा परत येतो त्या क्षणी काटा जो दाखवतो तो सिस्टोलिक. इथे लाट फक्त आली की नाही एवढंच बघायचं असतं, ती किती उंच हे नाही, त्यामुळे डॅम्पिंग कसंही असलं तरी उत्तर बिघडत नाही. मोजमाप होताच कफ पूर्ण सोडा, त्या हाताचा रक्तप्रवाह उगाच अडकवून ठेवू नका.

आधी दोन्ही हातांचे कफचे आकडे एकदा ताडून घ्या. दोन हातांतच १५-२० चा फरक असेल तर यंत्रणेला दोष देऊन उपयोग नाही. आणि रक्तदाब वाढवायची औषधं जास्त मात्रेत चालू असतील तर रेडियल मोठ्या धमनीपेक्षा कमी दाखवू शकते. तिथे लाइन तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असते, जागाच बदलावी लागते.

नवशिका_वडाळा

डोक्याला मार लागलेल्या पेशंटला ट्रान्सड्यूसर कानाशी लावलेला दिसतो. ते चुकीचं का?

भूलशास्त्री_दादर

चुकीचं नाही, हेतू वेगळा आहे. मेंदूचा परफ्युजन दाब (मेंदूत रक्त पोचवणारा दाब) काढायचा तर मीन कानाच्या ट्रॅगसच्या (कानाच्या भोकासमोरचा उंचवटा) पातळीला मोजतात, कवटीतल्या दाबाचा शून्यही तिथेच धरतात. डोकं ३० अंश वर असेल तर हृदय आणि कान यांच्या उंचीतला फरक सहज १५ सेंमी होतो, म्हणजे ११ मिमी. फक्त चार्टवर "ट्रॅगस" की "हृदय" हे स्पष्ट लिहा. शिफ्ट बदलताना नव्या सिस्टरांनी ट्रान्सड्यूसर खाली आणला आणि कुणी लिहिलं नाही, तर पुढचे सगळे आकडे ११ ने वर जातात आणि पेशंट सुधारल्यासारखा दिसतो.

परळचा_बायोमेड

सगळ्यांचे आभार. नोंदवहीचे रकाने असे करतोय: तारीख-वेळ, बेड, केबलचा नंबर, झिरो हवेला उघडल्यावर किती, लेव्हल हृदय की ट्रॅगस, नळीची लांबी आणि थ्री-वे किती, फ्लशचे हेलकावे, फ्रीक्वेन्सी, डॅम्पिंग, लाइनचा मीन, कफचा मीन, कफचं माप. दर शिफ्टला सिस्टर हेलकाव्यांपर्यंतचे रकाने भरतील, फ्रीक्वेन्सीसाठी पट्टी चिकटवतील. वर्षाच्या कॅलिब्रेशनला येणाऱ्याला बेडचीच केबल लावायला सांगतो आणि रिपोर्टमध्ये दुरुस्तीपूर्वीचे आकडेही मागतो.

कॅलिब्रेशनवाला_ठाणे

दुरुस्तीपूर्वीचे आकडे मागताय ते फार चांगलं. नुसते दुरुस्तीनंतरचे असतील तर गेले बारा महिने मॉनिटर किती चुकत होता हे कधीच कळत नाही. आणि केबलच्या नंबरसाठी कागदी लेबल नको, पुसताना निघून जातं. उष्णतेने आवळणाऱ्या नळीवर कोरून दोन्ही टोकांना बसवा.